धारेची उंची

दुपारी डोळा लागला की मला अजून पाणी पडल्याचा आवाज येतो. नळाचा नाही. पितळी झारीच्या लांब तोटीतून निघून कोणाच्या तरी ओंजळीत पडणाऱ्या धारेचा. आवाज आधी पातळ असतो, ओंजळ भरत आली की जाड होतो, आणि पिणारा मान हलवून 'बस' म्हणतो तेव्हा एकदम तुटतो. तो तुटला की मी जागा होतो. नालवाडीत, मुलाच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर. समोर तिची खाट. तिच्यावर आता वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवतात.

माझी बायको सरू गेल्या श्रावणात गेली. जिल्ह्याचा दिवाळी अंक काढणारे म्हणाले, आजोबा, तुमच्या नोकरीबद्दल लिहा. मी म्हटलं, मी स्टेशनावर पाणी पाजत होतो, त्यात लिहायचं काय. शाळाही चौथीपर्यंतची. लिहिताना 'मला' लिहितो आणि बोलताना 'मले'च बोलतो, एवढीच माझी विद्या. पण मागून वाटलं, आमच्या दोघांचं एक भांडण अर्धं राहिलं आहे आणि ते त्याच नोकरीतलं आहे. भांडायला समोर कोणी नाही, तर कागदावर भांडावं.

स्टेशनाचं नाव लिहीत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं आहे आणि त्या वेळच्या माणसांची नातवंडं अजून तिथं राहतात. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, कचेरीतले कागद हिंदीत यायचे आणि नागपूर राजधानी होती. फलाटावर कडुलिंबाची झाडं, त्यांच्या सावलीत पाण्याची खोली, खोलीत मातीचे रांजण. उन्हाळ्यात कडुलिंबाचा मोहर रांजणात पडायचा आणि पाण्याला किंचित कडवट वास यायचा. तो वास मला अजून येतो, रांजण कुठंच नसताना.

पाणीवाला म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. गाडी थांबली की खिडक्यांतून हात बाहेर यायचे. पाणीवाल्यानं झारी घेऊन डब्याडब्यांवरून धावायचं आणि त्या ओंजळींत धार सोडायची. कोणी लोटा धरायचं, कोणी सुरई. पण पहिला नियम एकच, तोटी कशाला लागू द्यायची नाही. ना लोट्याला, ना हाताला, ओठाला तर नाहीच. लागली की झारी बाटली. मग ती घासा, विसळा, तोवर गाडी निघून जाते आणि मागच्या डब्यातले लोक शिव्या देत कोरड्या तोंडानं पुढं जातात. मी माणसांचे चेहरे पाहिलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. ओंजळी पाहिल्या. मेंदीच्या, शाईच्या, कोळशाच्या, बोट तुटलेल्या. अंगठ्या घातलेल्या ओंजळीतून पाणी गळतं, कारण बोटं जुळत नाहीत. एकजण नेहमी पिंजऱ्यातल्या पोपटाला आधी पाजायचा आणि मग स्वतः प्यायचा. एक यात्रेकरू होता, त्यानं ओंजळ धरली आणि मग विचारलं, "कौन जात?" मी म्हटलं ब्राह्मण. "कौन ब्राह्मण?" सांगितलं. "गोत्र?" ते सांगेपर्यंत शिट्टी झाली, गाडी हलली, आणि तो रिकामी ओंजळ तशीच खिडकीबाहेर धरून गेला. लांबपर्यंत दिसत होती.

दुसरी गोष्ट नियमात नव्हती पण हाताला ठाऊक होती. ती म्हणजे धारेची उंची. शेठजीला वीतभरावरून. ओळखीच्या बामणाला त्याहून जवळून. शेतकऱ्याला हातभर. आणि फलाटावर उकिडवा बसलेला माणूस झाडूवाला असला तर थेट माझ्या छातीपासून. धार इतकी लांब व्हायची की अर्धी वाऱ्यावर जायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. हात शिकला होता.

मी नोकरीला लागलो ती परीक्षाही सांगतो. इंग्रजाचा काळ होता. साहेबानं बाबूला काहीतरी विचारलं, बाबूनं मला विचारलं, मी सदरा वर करून जानवं दाखवलं. झाली परीक्षा. धार धरता येते का, हे कोणी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी एका बाईच्या तोंडावर पाणी ओतलं, तिचं कुंकू हनुवटीपर्यंत आलं. पण नोकरी पक्की होती. स्टेशनावरचे सगळे मला 'महाराज' म्हणायला लागले.

माझा जोडीदार पाणीवाला म्हातारा होऊन घरी गेला आणि त्याची जागा रिकामी झाली. सरूनं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. तिचं माहेर समुद्रपूरचं. वडील गेलेले, आई डोळ्यांनी अधू, आणि धाकटा भाऊ दत्तू रिकामा. दत्तूनं एक हंगाम कापसाच्या जिनात काढला, काही दिवस कापडाच्या दुकानात तागे उलगडले, देवळात पूजाही केली. कुठंच टिकला नाही, कारण तो कामात मधेच थांबून बघत बसायचा. रुईचे तंतू हवेत उडताना बघायचा, मालकाला वाटायचं पोट्टा झोपून राह्यला. सरूनं आईला शब्द दिला होता, दत्तूला रेल्वेत लावते म्हणून. महिनाभर आधीच त्याला आमच्या क्वार्टरवर बोलावून घेतलं. मी त्याला अंगणात रिकाम्या झारीनं धार धरायला शिकवायला लागलो होतो. हात चांगला होता त्याचा. शांत होता.

मग एका सकाळी स्टेशनमास्तर चहाच्या टपरीवर आले आणि म्हणाले, कागद आला आहे, पाण्याची जागा राखीव झाली.

टपरीवर पार्सलबाबू होता. गोरा, गोल, बोलण्यात पुढं. त्यानं कप खाली ठेवला.

"राखीव म्हणजे?"

"म्हणजे महारवाड्यातला माणूस येईन. नागपूरहून नाव येईन."

"पाण्यावर?"

"पाण्यावर."

"मास्तर, मी कोनाच्या विरोधात नाई," पार्सलबाबू म्हणाला. असं म्हणणारा माणूस पुढं काय बोलणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. "पन नोकरी लायकीवर पाह्यजे. जातीवर काऊन? आज पाण्यावर जातीनं माणूस आला, उद्या सिग्नलवर येईन. गाड्या आपटतीन."

"पाणी पाजायले काय लायकी लागते?" मास्तरांनी विचारलं.

"तेच सांगून राह्यलो. ज्याले येते त्याले द्या. खुली ठेवा. हा दत्तू पाहा, महिन्यापासून हात साफ करून राह्यला. याचा काय गुन्हा?"

मी मान डोलावली. दत्तू बाकाच्या टोकाला बसून कपातल्या वाफेकडे बघत होता. मला तेव्हा पार्सलबाबूचं सगळंच पटलं होतं, हे लपवत नाही. सरूला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

मास्तर उठता उठता थांबले. मिस्किल माणूस होते.

"खुली पाह्यजे ना? दुसरी एक जागा निघाली, ते खुली आहे. कोनीबी अर्ज करा."

"कोणती?"

"सफाईवाल्याची. चुन्नीलाल झाडूवाल्याचा भाऊ वारला ना, त्याची. कशी काय खुली निघाली मले नाई समजलं, पन कागदावर तसंच आहे. काऊन पार्सलबाबू, तुमचा भाचा बसून आहे म्हनत होते. पाठवू नाव?"

पार्सलबाबूनं चहा प्यायला. संपलेला कप होता, तरी प्यायला.  रूळ बदलणारा पाईंटमन हसला, मग सगळे हसले आणि विषय संपला असं वाटलं.

तेवढ्यात दत्तू म्हणाला, "मास्तर, त्या जागेले पास भेटते का?"

"भेटते."

"क्वार्टर?"

"लहान आहे. पन भेटते."

"मंग माह्यं नाव लिहा."

कोणी हसलं नाही.

त्या दिवशी घरी काय झालं ते सगळं लिहिण्याजोगं नाही. सरू पोळ्या करत होती. तिनं तवा उतरवला, चूल विझवली, आणि दत्तूकडं पाठ करून बसली. दत्तू चौकटीला टेकून उभा.

"तूनंच म्हटलं होतं ना ताई, रेल्वेत लाग."

"मी झाडू मारायले नाई म्हटलं."

"तू काम नाई सांगितलंस. रेल्वे सांगितलं."

"आईले काय सांगू?"

"आईले दिसत नाई. सांग, फलाट सांभाळते म्हनून. खोटं थोडंच आहे."

सरूला त्याही स्थितीत हसू आलं. खांदे हलले ते मागून मला दिसलं. मग ती म्हणाली, "आठ दिवस कर. टिकत तर तू कुठंच नाई." मला वाटतं तिनं तेव्हा मनातल्या मनात त्याच्या कंटाळ्यावर भरवसा ठेवला होता. मास्तरांनी त्याला कागद पक्का होईपर्यंत बदली माणूस म्हणून घेतलं.

त्याच सुमारास पाण्यावरचा नवा माणूस आला. सुखदेव त्याचं नाव. सातवी शिकलेला, म्हणजे माझ्याहून जास्त. काळासावळा, उंच, धुतलेला सदरा. त्याला शिकवायचं काम माझ्यावरच आलं. पाण्याच्या खोलीत आम्ही दोघं आणि मधे रांजण. तो रांजणाला हात लावायला थांबला, मी काही बोललो नाही, तो तसाच थांबून राहिला. शेवटी मी म्हटलं, "भर ना बाप्पा, गाडी थांबते काय आपल्यासाठी?" तेव्हा त्यानं झारी बुडवली.

त्याची धार सुरुवातीला थरथरायची. मी त्याला एकच उंची शिकवली, हातभर. बाकीच्या उंच्या तोंडानं कशा सांगतात हे मला माहीत नव्हतं. त्यामुळं तो शेठजीलाही हातभर आणि हमालालाही हातभर. मास्तरांनी तंटा नको म्हणून एक युक्ती केली. दूरच्या गाड्या सुखदेवला, जवळच्या मला. कलकत्त्याकडून येणाऱ्याला काय ठाऊक, झारी कोणाच्या हातात आहे. त्याला पाणी पाहिजे. नाचणगावकडच्या, वर्धेच्या लोकांना मात्र सगळं ठाऊक. पार्सलबाबूनं घरून सुरई आणायला सुरुवात केली. असे आम्ही वाटून घेतले प्रवासी. अनोळखी त्याचे, ओळखीचे माझे.

एकदा दोन गाड्यांच्या मधल्या सुस्त वेळात आम्ही खोलीच्या पायरीवर बसलो होतो. उन्हात रूळ पाण्यासारखे हलत होते. मी सरळच बोलणारा माणूस. म्हटलं, "सुखदेव, राग नको मानजो. पन तुले जागा जातीनं भेटली."

"हाव महाराज," तो म्हणाला. जरा वेळानं विचारलं, "तुमची परीक्षा काय झालती?"

मी सांगितलं. सदरा, जानवं, सगळं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. झारीचं बूड मातीनं घासत बसला, ते आधीच लखलखीत होतं.  मालधक्क्यावर हमाल कापसाच्या गठाणी लोटत होते, गँगमध्ये रूळ उचलणारे लोक उन्हात चालले होते, इंजिनावर कोळसा टाकणारे होते. ती माणसं कोणत्या घरातून आली आणि तीच का आली, हे त्या टपरीवर कोणी कधी विचारलं नव्हतं. एवढं मात्र त्या पायरीवर बसल्यावर डोक्यात आलं आणि उन्हासारखं हलत राहिलं.

दत्तूला कंटाळा आला नाही. तीच गंमत झाली. त्याला झाडायला आवडायला लागलं. सकाळी तो फलाटाच्या एका टोकापासून निघायचा आणि कडुलिंबाची पिवळी पानं लांब रेघेत पुढं ढकलत न्यायचा. मधे थांबून बघायचा, पण फलाटाला मालक नव्हता, म्हणून कोणी ओरडत नव्हतं. डब्यांखालचं, संडासाचं कामही त्यानं केलं. आंघोळ करून जेवायला बसायचा. सरू त्याला वाढायची, पण ताट जरा लांब सरकवून. तिच्या लक्षात यायचं नाही. दत्तूच्या यायचं. तो ताट ओढून जवळ घ्यायचा आणि जेवायचा.

मग चुन्नीलाल आला. स्टेशनचा जुना सफाईवाला, मिशा पांढऱ्या, कानात बाळी. अंगणाच्या बाहेर, कुंपणापाशी उभा राहिला. मी म्हटलं आत ये. तो आला नाही.

"महाराज, एक अर्जी हाये."

"बोल ना."

"ते जागा माह्या भावाची होती. माह्या जवायानं आस लावली होती. रामदीन. पोरीच्या घरी खायले नाई."

"जागा खुली आहे, चुन्नीलाल. मी नाई केली खुली."

"हाव. सगळे हेच सांगते." तो थोडा थांबला. "बाबू होवाले तुमी, मास्तर होवाले तुमी, पानी पाजाले तुमी. आता पान्यावर आमच्यासारखा एक आला तर गावभर बोंब. आमची एकच जागा होती महाराज, कोनी मांगत नव्हतं. तेबी खुली झाली. वा."

ओरडला नाही. 'वा' सुद्धा हळूच म्हणाला. सरू दाराच्या आड होती. तिनं तिथूनच विचारलं, "जवायाले दुसरं काय येते?"

"बाई, सुतारकी येते थोडी. गाडी हाकते. पन कोन ठेवते?"

 चुन्नीलालनं हात जोडले आणि गेला. सरूपुढं एकीकडं चुन्नीलालची पोरगी होती, दुसरीकडं आईला दिलेला शब्द. आणि जन्मात पहिल्यांदा दत्तू कुठंतरी टिकला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारची गोष्ट. लू वाहत होती, फलाट पांढरा पडला होता. सरू डबा घेऊन आली आणि कडुलिंबाखाली उभी राहिली. मी एका गाडीला पाणी पाजून परत येत होतो, झारीत पाणी उरलं होतं. दत्तू झाडत झाडत पोचला. घामानं भिजलेला. त्यानं झाडू काखेत मारला, उकिडवा बसला आणि ओंजळ धरली.

"भाऊजी, पाणी."

मी तोटी वाकवली. धार निघाली आणि मला दिसलं की माझा हात छातीपाशी आहे.

मी वर नेला नव्हता. तो आपला आपण गेला होता. तीच ओंजळ मी महिनाभर ताटाजवळ पाहिली होती, त्या हातांत मी स्वतः झारी दिली होती, त्याच्या सदऱ्याखाली माझ्यासारखंच जानवं होतं. हातानं ते काही पाहिलं नाही. त्यानं झाडू पाहिला. वाऱ्यानं धार फाकली, पाणी दत्तूच्या मानेवर, कानावर उडायला लागलं. तो ओंजळ इकडं तिकडं नेत धारेच्या मागं फिरत होता आणि हसत होता.

"भाऊजी, जरा खाली घ्या ना. नेम नाई लागून राह्यला."

ऐकू येत होतं मला. हात जड झाला होता, उतरत नव्हता. तेवढ्यात सुखदेव खोलीतून आला. त्यानं आपली झारी आणली आणि दत्तूच्या ओंजळीत हातभरावरून धार धरली. एकसारखी. दत्तू पोटभर प्यायला. सुखदेवनं माझ्याकडं पाहिलं नाही. सरूनं पाहिलं.

संध्याकाळी दिवेलागणीला ती दत्तूला म्हणाली, "उद्यापासून जाऊ नको."

"काऊन? लाज वाटली?"

"वाटली. खोटं कायले बोलू. पन त्याच्यासाठी नाई सांगून राह्यली." तिनं पदर सावरला. "आज तुह्या भाऊजीचा हात पाह्यला मी. तू झाडू सोडशीन तर तो हात खाली येईन. उद्याच येईन. चुन्नीलालच्या जवायानं झाडू सोडला तरी त्याच्यासाठी खाली येत नाई. तो सुतार झाला तरी येत नाई. मंग त्याच्याजवळ जे एक आहे ते तू कायले घेतं?"

दत्तू दिव्याकडं बघत होता. मला वाटलं ऐकलंच नाही.

मग म्हणाला, "ताई, मी झाडू धरूनच राह्यलो तर? रोज पाणी मांगीन. वर्षभर मांगीन. भाऊजीचा हात कधी तरी दुखनच ना. येईनच खाली. अन् माह्यासाठी आला की रामदीनसाठीबी येईन. तू म्हनतं जागा त्याची आहे. त्याची आहे म्हनूनच त्याच्याकडून सुटत नाई. एकदा कोनी दुसऱ्यानं धरून पाह्यले पाह्यजे."

"तोवर चुन्नीलालच्या पोरीनं काय खायचं?"

 सरू माझ्याकडं वळली. "तुम्ही काऊन बोलत नाई?"

"मी काय बोलू," मी म्हटलं.

दत्तूनं दुसऱ्या दिवशी नाव मागं घेतलं. त्याला तिचं पटलं नव्हतं. ताई म्हणाली म्हणून घेतलं. जाताना त्यानं फलाट शेवटचा झाडला आणि पानांची ती रेघ टोकाला नेऊन तशीच ठेवली, उचलली नाही. समुद्रपूरला गेला. काही वर्षांनी सरकारी मोटारीवर कंडक्टर झाला. गळ्यात पिशवी, कानावर पेन्सिल. तिथं तो टिकला. खिडकीतून बघत बसायला भरपूर होतं. आई जाईपर्यंत तिला सांगायचा, फलाट सोडला, आता सडक सांभाळतो. तोही आता नाही.

रामदीन लागला. सुखदेवविरुद्ध एकदा तक्रार गेली, पण त्याच उन्हाळ्यात वर्धेची गाडी सिग्नलबाहेर बराच वेळ अडली आणि लोक रुळांवरून चालत फलाटावर आले. माझी एकट्याची झारी पुरेना. नाचणगावचा एक मोठा कापूसवाला सुखदेवपुढं ओंजळ धरून उभा राहिला, तोंड सिग्नलकडं करून, जणू ओंजळ दुसऱ्या कोणाची आहे. प्यायला. दोनदा प्यायला. त्यानंतर गाड्यांची वाटणी आपोआप मोडली. मास्तरांनी कागदावर काय लिहिलं माहीत नाही, सुखदेव पक्का झाला. पार्सलबाबूनं मात्र बदली होईपर्यंत सुरई सोडली नाही. तीही वर्षभरात फुटली, मग त्यानं दुसरी घेतली.

आता भांडणाचं सांगतो.

सुरुवातीला मी सरूच्या बाजूनं होतो. खरं म्हणजे मेव्हणा झाडूतून सुटला, याचंच मला सुख होतं. मी म्हणायचो, तू बरोबर केलं. पण वर्षं गेली तशी तिची बाजू बदलली. रामदीन म्हातारा झाला, त्याचा पोरगा त्याच फलाटावर तोच झाडू घेऊन आला. ते पाहून आल्यावर ती जेवली नाही. म्हणाली, "आपुन त्याची जागा वाचवली, का त्याले त्या जागेत कोंडलं? दत्तू बरोबर बोलत होता. धरू द्यायले पाह्यजे होता त्याले झाडू." मी म्हणालो, "चूल पेटली ना त्याची." ती म्हणाली, "पेटली. पन तितकीच." आणि मग आम्ही म्हातारपणी, दोन खाटांवर समोरासमोर, एकमेकांची जुनी वाक्यं बोलून भांडायचो. ती दत्तूची वाक्यं बोलायची, मी तिची. कधी कधी ती मधेच थांबून म्हणायची, "हे तर माह्यंच आहे." आणि हसायची.

माझा नातू नोकरीच्या परीक्षा देतो. तोही पार्सलबाबूसारखंच बोलतो, त्याच्याइतकं फिरवून नाही एवढंच. मी त्याला म्हटलं, तुह्या आजोबाची जागाबी राखीवच होती, फक्त तसं कोणी म्हणत नव्हतं. तो म्हणाला, आजोबा, ते जुनं झालं, आता माझं काय? त्याचंही खरं आहे. त्यानं काय केलं आहे? दत्तूनं तरी काय केलं होतं? सरू असती तर तिनं त्याला काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि मग दुसऱ्या दिवशी ते उत्तर बदललं असतं. मला एकट्याला तेवढं जमत नाही.

शेवटच्या दिवसांत तिला गिळवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चमच्यानं पाणी द्या. चमच्यानं सगळं उशीवर सांडायचं. एका दुपारी मी माळ्यावरून झारी काढवली. निवृत्त होताना मी ती मागून घेतली होती. चिंचेनं घासली, भरली, आणि तिच्या खाटेशी बसलो. या कामात मी जन्म काढला होता, हे तरी मला येत होतं. तिनं तोंड उघडलं. मी धार सोडली. पाणी गालावरून गेलं.

ती म्हणाली, "खाली घ्या."

मी घेतली.

"आणखी खाली."

तोटी तिच्या ओठाला लागेल म्हणून मी थांबलो. जन्मभर कोणाच्या ओठाला लागू दिली नव्हती. तिनंच हात वर करून तोटी धरली आणि ओठांत घेतली. लहान मुलासारखी प्यायली, डोळे मिटून, सावकाश. एक थेंब सांडला नाही. पिऊन झाल्यावर म्हणाली, "इतकंच होतं." मग झोपली.

झारी आता खिडकीत असते. मी तिच्यातूनच पितो, तोटीला तोंड लावून. सून घासून ठेवते.

आणि दुपारी डोळा लागला की फलाट दिसतो. पांढरं ऊन, कडुलिंबाचा मोहर, दत्तू उकिडवा बसलेला. धारेच्या मागं ओंजळ फिरवतो, हसतो, म्हणतो, भाऊजी, जरा खाली. मी हात उतरवायला लागतो. झाडाखाली सरू डबा घेऊन उभी असते आणि बघत असते. हात पोचायच्या आत धार तुटते आणि मला जाग येते. पण पहिल्यांदा हे स्वप्न पडलं तेव्हा हात छातीशी होता. काल तो त्याच्या ओंजळीपासून वीतभर राहिला होता.